पाव सेकंदाचा घोळ: कुमार बेसबॉल कॅचरच्या पॉप टाइम मापनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेसबॉलमधला कॅचर म्हणजे ढोबळमानाने आपला विकेटकीपर. फरक असा की चेंडू पकडल्यावर त्याचं खरं अवघड काम सुरू होतं. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) फेकीची हालचाल सुरू करताच पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्या, म्हणजे सेकंड बेसकडे सुटला (याला बेस चोरणं म्हणतात), तर कॅचरने चेंडू मिटमध्ये, म्हणजे आपल्या जाड ग्लोव्हमध्ये, घ्यायचा, उठायचं आणि सेकंड बेसवर फेकायचा. चेंडू मिटला लागल्यापासून बेसवरच्या क्षेत्ररक्षकाच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ म्हणजे पॉप टाइम. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या अव्वल व्यावसायिक स्पर्धेत) तो सरासरी २ सेकंदांच्या आसपास असतो. २०१५ पासून तिथल्या सगळ्या मैदानांवर असलेली स्टॅटकास्ट यंत्रणा तो मोजते. मुलांच्या स्तरावर मात्र प्रशिक्षकाच्या गळ्यातला स्टॉपवॉच हीच यंत्रणा.

हे प्रकरण अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका क्लबच्या १४ वर्षांखालील संघाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि नावं वगळली आहेत. तीन कॅचरांना इथे अ, ब आणि क म्हटलं आहे. तिघंही आदल्या मोसमात ८० फुटी बेसवर (लागोपाठच्या दोन बेसमध्ये ८० फूट अंतर) खेळले होते आणि आता पूर्ण आकाराच्या ९० फुटी मैदानावर आले होते.

ऑगस्टच्या निवड चाचणीत मुलांची गर्दी होती, म्हणून तीन मैदानांवर तीन गट केले. प्रत्येक गटाला एक प्रशिक्षक आणि एक स्टॉपवॉच. प्रत्येक कॅचरने पाच थ्रो केले आणि त्यांची सरासरी तक्त्यात गेली: अ २.२४, ब २.११, क २.३७ सेकंद. तक्ता स्वच्छ होता आणि निर्णय सोपा वाटला. ब पहिल्या संघाचा मुख्य कॅचर झाला, अ त्याचा पर्याय आणि क दुसऱ्या संघात.

अडचण कशी पुढे आली

ऑक्टोबरमध्ये ब एका शोकेसला, म्हणजे खेळाडूंची कौशल्यं मोजून दाखवणाऱ्या मेळाव्याला गेला. तिथे व्हिडिओवरून वेळ काढत होते. त्याच्या कार्डावर सरासरी २.३४ आली. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘दोन महिन्यांत पाव सेकंद मंदावला’ असा घेतला आणि खासगी प्रशिक्षक लावला. त्या प्रशिक्षकाने दोष हाताच्या ताकदीत असल्याचं ठरवून लांब पल्ल्याच्या थ्रोचा आणि वजनी चेंडूंचा कार्यक्रम सुरू केला. तेरा-चौदा वर्षांच्या, वाढत्या खांद्यावर असा भार टाकण्याआधी आकडा तपासायला हवा होता. तो कुणी तपासला नाही.

त्याच सुमाराला अ च्या आईने वेगळा प्रश्न विचारला. वसंतातल्या तक्त्यात मुलाची वेळ २.१५ होती, ऑगस्टमध्ये २.२४. मध्ये तो दोन इंच वाढला, थ्रो उघड उघड जोरदार झाला, मग वेळ वाढली कशी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तासाभरात सापडलं. वसंतातली मोजणी ८० फुटी बेसवर झाली होती. चार बेस मिळून चौरस होतो आणि होम प्लेट (जिच्यामागे कॅचर बसतो) ते सेकंड बेस हा त्याचा कर्ण. हिशोब असा: ६० फुटी बेस असतील तर होम प्लेटपासून सेकंड बेस ८४ फूट १० इंच, ८० फुटींना ११३ फूट २ इंच आणि ९० फुटींना १२७ फूट ३ ३/८ इंच. म्हणजे १४ फुटांचा फरक. या वयातल्या मुलाचा थ्रो सरासरी ८५ फूट प्रति सेकंदाच्या आसपास जातो, तेव्हा नुसत्या अंतराने ०.१६ सेकंद वाढतात. अ ची वेळ ०.०९ नेच वाढली, म्हणजे तो मंदावला नव्हता, सुधारला होता. तक्त्यात अंतराचा रकानाच नव्हता, त्यामुळे हे कुणाला दिसलं नाही.

पहिला प्रश्न इतक्यावर सुटणारा नव्हता. ब च्या दोन्ही मोजण्या ९० फुटांवरच्या होत्या.

स्टॉपवॉच कुठे चुकतो

हाताने वेळ घेताना घड्याळ सुरू करणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दोन्हीतली चूक सारखी नसते. मिटचा आवाज ऐकून बटण दाबलं तर प्रतिक्रियेत ०.१५ ते ०.२ सेकंद जातात, घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र चेंडू येताना दिसतो, अंगठा आधीच तयार असतो आणि थांबवणं जवळजवळ वेळेवर होतं. परिणामी वेळ खऱ्यापेक्षा कमी येते. उलट, येणाऱ्या पिचवर (पिचरने टाकलेल्या चेंडूवर) नजर ठेवून कुणी सुरुवातही अंदाजाने करत असेल, तर ही चूक घटते, पण विखुरणं वाढतं. घड्याळावर शतांश सेकंद दिसतात म्हणून मोजमाप शतांशापर्यंत अचूक ठरत नाही.

उभं राहण्याची जागा हे दुसरं कारण. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. होम ते सेकंड बेस हे ३८.८ मीटर अंतर कापायला त्याला ०.११ सेकंद लागतात. सेकंड बेसपाशी उभा असलेला माणूस मिटचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करत असेल, तर प्रतिक्रियेच्या उशिरात हे ०.११ मिळवा. होम प्लेटमागे उभं राहून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हच्या आवाजावर थांबणाऱ्याची चूक बरोबर उलट्या दिशेने जाते.

या क्लबमध्ये अ ची वेळ घेणारा पहिला प्रशिक्षक जाळीमागे होता. तो आवाजावर सुरू करायचा आणि नजरेने थांबवायचा. ब ची वेळ घेणारा दुसरा प्रशिक्षक सेकंड बेसपासून तीन पावलांवर उभा असे. क चा तिसरा प्रशिक्षक फर्स्ट बेसपाशी, नजर सतत चेंडूवर. तिघंही अनुभवी आणि तिघांनाही आपली मोजणी चोख असल्याची खात्री. स्वतःशी तुलना करता ती चोखच होती.

विचारात घेतलेले पर्याय

एकाच प्रशिक्षकाने सगळ्यांची वेळ घ्यावी, हा पहिला आणि फुकटचा पर्याय. याने मुलामुलांतली तुलना बऱ्यापैकी सरळ होते. पण आकडा शोकेसच्या किंवा दुसऱ्या क्लबच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि संध्याकाळी थकलेला अंगठा सकाळसारखा चालत नाही.

प्रत्येक प्रशिक्षकाची चूक एकदा मोजून ती वजा करावी, असाही प्रस्ताव होता. तो पुढे तपासात बाद झाला.

रडार गन क्लबकडे होतीच. पण ती चेंडूचा वेग सांगते, वेळ नाही. मिटमधून चेंडू काढायला मुलाने किती वेळ घेतला, हे तिला कळत नाही. प्रकाशकिरणांचे गेट धावण्यासाठी उत्तम, पण मिट कुठे असेल हे प्रत्येक पिचला बदलतं, किरण लावणार कुठे?

शेवटी उरला फोनचा स्लो मोशन व्हिडिओ. ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, म्हणजे दोन टोकं मिळून चूक तेवढीच होऊ शकते. २४० फ्रेमला एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची. मुलांच्या थ्रोसाठी हे गरजेपेक्षा जास्तच. खर्च साध्या ट्रायपॉडचा, आणि थ्रोमागे दोन-तीन मिनिटांचं बसून काम. आक्षेप याच शेवटच्या गोष्टीला होता: चाळीस थ्रो मोजायला एक अख्खी संध्याकाळ जाते. तरीही हाच पर्याय निवडला, पण निवड चाचणीपुरता आणि मोसमाच्या मध्यावर एकदा. रोजच्या सरावाला स्टॉपवॉचच राहिला.

मांडणी

पहिला फोन लावायला जागा शोधताना चौरसाची भूमिती कामी आली. फर्स्ट बेस होम आणि सेकंड या दोघांपासून समान अंतरावर असतो. थर्ड ते फर्स्ट ही रेषा फर्स्ट बेसच्या बाहेर वाढवली, तर तिच्यावरचा प्रत्येक बिंदूही तसाच. तिथे ठेवलेल्या फोनला दोन्ही टोकांचा आवाज सारख्याच उशिराने ऐकू येतो आणि उशीर वजाबाकीत निघून जातो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा आडवा कोन व्हिडिओत ६५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे दोन्ही बेस चौकटीत बसवायला फर्स्ट बेसच्या मागे ११-१२ मीटर जावं लागलं. फोन या रेषेवरून एक मीटर डावी-उजवीकडे सरकला तरी चूक ३ मिलिसेकंदांची, म्हणजे टेप घेऊन डोकं खाजवायची गरज नाही.

एवढ्या लांबून चेंडू चित्रात जेमतेम तीन-चार पिक्सेलचा दिसतो. ग्लोव्हला तो नेमका कोणत्या फ्रेमला लागला, यावर दोन माणसांत सहज चार-पाच फ्रेमचा वाद होतो. म्हणून पूर्ण पॉप टाइम व्हिडिओतल्या आवाजावरून काढला. ध्वनीच्या आलेखात मिट आणि ग्लोव्ह यांचे दोन टोकदार ठोके दिसतात, त्यांच्यातलं अंतर म्हणजे उत्तर.

दुसरा फोन होम प्लेटपासून सहा मीटरवर, कॅचरच्या उजव्या बाजूला. त्याच्यातून फक्त एक्स्चेंज मोजायचा: चेंडू मिटला लागलेला पहिला फ्रेम ते बोटांपासून सुटलेला पहिला फ्रेम. एकूण वेळेतून एक्स्चेंज वजा केला की चेंडूचा हवेतला वेळ मिळतो. दोन फोन एकमेकांशी जुळवावे लागत नाहीत. अ च्या एका थ्रोचा हिशोब असा होता: एकूण २.३२५ सेकंद, एक्स्चेंजचे १९९ फ्रेम भागिले २४० म्हणजे ०.८२९, उरलेले १.४९६ हवेत.

पहिल्या संध्याकाळी दोन घोळ झाले. मोजणाऱ्या स्वयंसेवकाने दुसरा फोन लावलाच नाही आणि लांबच्या फोनमध्ये सुरुवात आवाजावरून, रिलीज चित्रावरून घेतली. फोन होमपासून ३६ मीटरवर, म्हणजे आवाज चित्रापेक्षा दशांश सेकंद मागे. सगळ्यांचे एक्स्चेंज ०.१ ने कमी आणि हवेतला वेळ ०.१ ने जास्त आला. एका मुलाचा एक्स्चेंज ०.६८ निघाल्यावर प्रशिक्षकाला शंका आली, तेव्हा हे सापडलं. एका मोजणीची दोन्ही टोकं आवाजावर तरी घ्यावीत किंवा चित्रावर तरी, एक इकडे आणि एक तिकडे चालत नाही.

दुसरा घोळ फाइलचा. एका पालकाने व्हिडिओ मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवला. स्लो मोशनच्या व्हिडिओत बरेच फोन सुरुवात आणि शेवट नेहमीच्या वेगाने दाखवतात आणि मधला भागच मंद करतात. पाठवताना तो बदलता वेग फाइलमध्ये पक्का बसतो आणि फ्रेम मोजून काही अर्थ उरत नाही. फोनमधली मूळ फाइलच केबलने उतरवायची, हा नियम तेव्हापासून झाला. शिवाय प्रत्येक फोन आधी तपासायचा: चालत्या डिजिटल घड्याळाचं दहा सेकंद चित्रण केलं तर २,४०० च्या आसपास फ्रेम मिळायला हवेत आणि लागोपाठचे दोन फ्रेम हुबेहूब सारखे नसावेत. एक जुना फोन इथेच नापास झाला. तो १२० फ्रेम घेऊन प्रत्येक फ्रेम दोनदा लिहीत होता. दिवेलागणीनंतर कमी उजेडात काही फोन परस्पर फ्रेम कमी करतात, म्हणून मोजणी उजेड असेपर्यंतच.

तीन घड्याळं, एकच थ्रो

निर्णायक चाचणी साधी होती. तिन्ही प्रशिक्षक आपापल्या नेहमीच्या जागी उभे राहिले, दोन्ही फोन चालू ठेवले आणि सगळ्यांनी एकाच २० थ्रोंची वेळ घेतली. व्हिडिओच्या तुलनेत पहिल्याचा आकडा सरासरी ०.०९ ने कमी, दुसऱ्याचा ०.२० ने कमी, तिसऱ्याचा ०.०२ ने कमी. तिसऱ्याची सरासरी सगळ्यात जवळ, पण त्याचं विखुरणं सर्वांत जास्त: एकेक आकडा दोन्ही बाजूंनी दशांशभर भरकटत होता. दुसऱ्याची चूक मोठी, पण घट्ट एका जागी.

हे आकडे जुन्या तक्त्यात घातले की ऑगस्टचं चित्र बदलतं. अ २.३३, ब २.३१, क २.३९. पहिल्या आणि शेवटच्या मुलात ०.२६ चं अंतर होतं, ते ०.०८ वर आलं. बाकीचं अंतर प्रशिक्षकांचं होतं. ब ची शोकेसमधली २.३४ आणि ऑगस्टची दुरुस्त २.३१ यांत सांगण्यासारखा फरकच नाही. तो मंदावला नव्हता.

आठवड्याने हीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा पहिल्या प्रशिक्षकाची चूक ०.०९ वरून ०.१४ झाली होती. आपण उशिरा सुरू करतो हे कळल्यावर त्याने सुरुवात सावरायचा प्रयत्न केला आणि शेवट त्याहून लवकर थांबवू लागला. वजाबाकीचा पर्याय तिथेच संपला.

फेरचाचणी

प्रत्येकी १० थ्रो, दोन दिवसांत विभागून. जास्त घेतले तर आकडेवारी घट्ट होते हे खरं, पण पूर्ण ताकदीचे थ्रो या वयात मोजूनच करायचे असतात. पिचिंगला १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९५ फेकींची मर्यादा आहे, आणि लिटल लीगच्या (मुलांचं बेसबॉल चालवणाऱ्या संघटनेच्या) नियमात चार किंवा जास्त इनिंग कॅचिंग केलेला मुलगा त्या दिवशी पिचिंग करू शकत नाही. कॅचरच्या सरावातल्या थ्रोंना कुणी मोजत नाही, म्हणून काळजी प्रशिक्षकानेच घ्यायची.

थ्रो कोणते धरायचे, हे आधी लिहून ठेवलं. शॉर्टस्टॉपने (सेकंड बेसवर थ्रो घेणाऱ्या क्षेत्ररक्षकाने) बेसवर पाय ठेवूनच चेंडू घ्यायचा. तो एक मीटर पुढे येऊन पकडतो तेव्हा ०.०४ सेकंद फुकट कमी होतात, आणि मदत करायच्या नादात मुलं हमखास पुढे येतात. स्टॅटकास्ट हा प्रश्न चेंडू बेसच्या मध्यावर कधी पोचला असता याचा हिशोब करून सोडवते. फोनवाल्यांनी क्षेत्ररक्षकाला बजावणं सोपं. पिच मशीनमधून येणार, हाताने हळू टाकलेला नाही, कारण हळू चेंडूला मुलं पकडायच्या आधीच पाय हलवतात. वेडावाकडा गेलेला थ्रो वगळायचा नाही, ‘बेसवर नाही’ असं लिहायचं. टप्पा पडून आलेला थ्रो वेळेसकट नोंदवायचा, खूण करून.

निकाल: अ चा एक्स्चेंज ०.८३ आणि हवेत १.५०, एकूण २.३३. दहापैकी आठ बेसवर. ब चा एक्स्चेंज ०.९५ आणि हवेत १.३६, एकूण २.३१. दहापैकी सहा बेसवर. क एकूण २.३९, नऊ बेसवर.

एकाच मुलाचे थ्रो आपसात ०.०७ ने इकडेतिकडे होत होते. दहा थ्रोंच्या सरासरीत त्यातलं ०.०२ उरतं आणि दोन मुलांची तुलना करताना ०.०३. म्हणून अ आणि ब मधल्या ०.०२ ला काही अर्थ नाही. क चा ०.०८ मात्र खरा असण्याची शक्यता बरीच. घड्याळ कितीही सुधारलं तरी यापुढे अडसर मुलाच्या स्वतःच्या चढउताराचा आहे. ऑगस्टचे पाच थ्रो उत्तम कॅमेऱ्याने घेतले असते, तरी त्यावरून अ आणि ब मध्ये निवड करता आली नसती.

निर्णय आणि परिणाम

ब चा हात तिघांत सगळ्यात जोरदार निघाला आणि त्याचा एक्स्चेंज अ पेक्षा ०.१२ ने मंद. म्हणजे खासगी प्रशिक्षक नेमक्या चुकीच्या अर्ध्या भागावर काम करत होता. वजनी चेंडू बंद झाले. दुसऱ्या फोनच्या चित्रणात दिसलं की तो मिट आधी छातीपाशी आणतो, मग खाली नेऊन हाताने चेंडू शोधतो. उजव्या कानाच्या रेषेत चेंडू बदलण्याचा सराव, बिनथ्रोचा, दिवसाला दहा मिनिटं. जानेवारीच्या मोजणीत एक्स्चेंज ०.८७ आणि एकूण २.२४ आली. बेसवर जाणारे थ्रोही सहावरून सातवर गेले. हा फरक मात्र दहा थ्रोंत योगायोगानेही पडू शकतो, त्याची फुशारकी नको.

मुख्य कॅचरची जागा अ आणि ब यांनी वाटून घेतली. प्रशिक्षकाने त्यासाठी पॉप टाइमऐवजी टप्पा पडलेले चेंडू अडवणं आणि पिचरशी ताळमेळ यांना वजन दिलं. वेळा सारख्या असताना हे योग्यच होतं.

कॅमेरा हाताशी होताच, म्हणून पिचरच्या पहिल्या हालचालीपासून मिटपर्यंतचा वेळही काढला. दोन पिचरांत ०.१५ सेकंदांचा फरक निघाला. बेस चोरणाऱ्या धावपटूला ही सूट कॅचरमधल्या सगळ्या वादापेक्षा मोठी होती. मंद पिचरला धावपटू बेसवर असताना पाय कमी उचलून फेकायला शिकवलं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजण्याची पद्धत चाचणीआधी पालकांना लेखी द्यायला हवी होती. नंतर दिलेलं स्पष्टीकरण सारवासारवीसारखं वाटतं, आणि इथे तसंच वाटलं. तीन गट करायचेच होते तर कॅचर सगळे एका गटात ठेवता आले असते. व्हिडिओ नसतानाही त्याने अर्धा घोळ टळला असता. शोकेसचा आकडा आल्यावर क्लबने ब च्या घरच्यांना थांबायला सांगायचं होतं. तीन आठवडे उत्तरच गेलं नाही, आणि तोवर पैसे आणि खांदा दोन्ही खर्ची पडत होते.

क चं प्रकरण राहून गेलं. दुरुस्त आकडे हातात आले तेव्हा संघ नोंदवून झाले होते, आणि ०.०८ च्या फरकावर, तेही सर्वांत अचूक थ्रो असलेल्या मुलाला, दुसऱ्या संघात ठेवणं योग्य होतं का, याची चर्चा औपचारिकपणे झालीच नाही.

सामन्यातली वेळ हा वेगळाच विषय आहे. बेस चोरीच्या मोजक्या प्रयत्नांत अ आणि ब दोघांचीही वेळ सरावापेक्षा दशांशभर जास्त आली: बॅट आडवी येते, पिच बाहेर जाते, कॅचरला धावपटूची चाहूल उशिरा लागते. पण इतक्या थोड्या नोंदींवरून मुलांची तुलना होणार नाही, म्हणून त्या वेगळ्या पानावर ठेवल्या आहेत. क्लबच्या तक्त्यात आता वेळेच्या शेजारी बेसचं अंतर, थ्रोंची संख्या, बेसवर गेलेले थ्रो आणि मोजणीची पद्धत असे रकाने आहेत. जुन्या ओळी पुसलेल्या नाहीत. त्यांच्यापुढे ‘हाती, अंतर माहीत नाही’ असं लिहिलं आहे आणि निवडीच्या हिशोबात त्या धरत नाहीत.